सात तासांत नदी

४ एप्रिल

नाही मामा, "थोडीशी साफसफाई केली" हे वाक्य तू मला परत लिहायचं नाही. थोडीशी साफसफाई म्हणजे टेबल पुसणं. तू काय केलंस त्याचा फोटो तूच पाठवलायस, हौसेने, आणि त्यात माझा अख्खा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा पडलाय, पोट उघडं, शेजारी मामीची चिमटी आणि तुझा दात घासायचा ब्रश. खाली लिहितोस काय, तर "आता बघ कसं चकाचक." सायकलची चेन आहे का ती?

निघताना मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मशीनवर टॉवेल वाळत घालायचा नाही. दोन, मी मेल केला की 'नदी' नावाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारायची आणि काम संपलं की शेवटची ओळ मला कळवायची. एवढं तर मांजरही चालता चालता करून जातं.

फोन केला असता. पण चाळीस वर्षं कारखान्यात कान घालवलेल्या माणसाशी फोनवर भांडायचं म्हणजे मी बोंबलायचं, तू "हां हां" करायचं आणि न ऐकू आलेलं सगळं मनाने भरायचं. शिवाय साइटवरच्या या कँपात रेंज येते ती पत्र्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात, ती पण उलट्या बादलीवर उभं राहिलं तर. तेव्हा लेखी भांडू.

ते मशीन मी दुकानातून उचलून आणलेलं नाही, मामा. तुझ्या पुढच्या खोलीत बसून, तुझे टोमणे ऐकत, एकेक भाग निवडून जोडलंय. त्यातला प्रोसेसर कंपनी म्हणते बेचाळीसवर चालवा, म्हणजे चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झ. मी तो बावन्नवर चालवते. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की प्रोसेसर तापतो. माझं कसब हे की मी व्होल्टेज वाढवलं नाही, उलट कमी केलं, आणि तरी तो बावन्नवर पळतो. जगभरच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्यांच्या यादीत माझा नंबर एक्केचाळीसावा आहे. जगात. तुमच्या कारखान्यात कोणाचा जगात नंबर होता?

आणि आता तू कळवतोस की 'नदी' चालायला साडेनऊ तास लागले आणि शेवटच्या ओळीत ३.२४ आलंय.

माझ्याकडे सात तास लागतात. आणि आकडा २.८६ आहे. नदीला मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल, त्याचा तो आकडा आहे, मीटरमध्ये. माझा अहवाल महिन्यापूर्वीच गेलाय, त्यावरून इथल्या पाळणाघराची जमीन ३.१० वर ठरलीय आणि चोवीस तारखेला तिचं काँक्रीट पडणार आहे. ऑफिसातल्या सरांना आता फक्त एक रंगीत चित्र हवंय म्हणून तुला फाइल चालवायला सांगितली. चित्र मागितलं, तू पूर पाठवलास.

काय बिघडवलंयस ते सांग. आणि कशालाही हात लावू नकोस.

— भिंगरी


७ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. "पोट उघडं"ला तिला हसू आवरेना. चिमटी तिची नाही, माझी आहे. ब्रश कोरा आहे. आरोप करायचे तर आधी नीट बघावं.

तुझं ते जगातलं एक्केचाळीसावं मशीन गेले तीन आठवडे किंचाळत होतं. फॅनचा आवाज मला ऐकू आला, भिंगरे. मला. यावरून काय ते समज. उघडलं तर आतून धुळीची गोधडी निघाली. प्रोसेसरच्या डोक्यावर जो तांब्याचा ठोकळा बसवलायस, तो काढला तर खालची पेस्ट वाळून खडू झालेली. पुसली, नवी लावली, वाटाण्याएवढी. तुझ्याच पुस्तिकेत लिहिलंय वाटाण्याएवढी. तू वाचली असशील असं वाटत नाही, पानं एकमेकांना चिकटलेली होती.

आणि पेटीत लाल, हिरवे, जांभळे दिवे कशाला? आमच्या लेथवर एकच दिवा असायचा, जॉब दिसायला. तुझ्या दिव्यांनी फक्त दिवे दिसतात.

मशीनचं घड्याळ सहा मिनिटं मागे पडत होतं. आतल्या बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते, ती दमली की असं होतं. ती काढून नवी घातली. घड्याळ आता बरोबर आहे. आभार मानायची पद्धत तुमच्या मंडळात नसेल.

आता माझा प्रश्न. मी धूळ काढली म्हणून नदीला अडतीस सेंटिमीटर जास्त पाणी आलं का?

मला पटेना, म्हणून तू नको म्हणायच्या आधीच फाइल परत चालवली होती. तुला माहितीये, मी इन्स्पेक्शनला होतो. आमच्याकडे एकदा घेतलेलं माप हे माप नव्हतंच. मी तुकडा मोजायचा, आकडा लिहून पाकिटात घालायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने तोच तुकडा मोजायचा, माझं पाकीट न उघडता. दोन आकडे जुळले, दोन सह्या झाल्या, की माल दाराबाहेर. तर दुसऱ्यांदाही साडेनऊ तास लागले आणि दुसऱ्यांदाही ३.२४ आलं.

तुझं २.८६ किती वेळा आलं होतं?

— मामा (निवृत्त, चकाचक)


९ एप्रिल

बॅटरी!

मामा, मी बादलीवरून पडले. खरंच पडले, गुडघा सोललाय. बॅटरी काढली!

त्या बॅटरीच्या जिवावर बोर्डाला सगळी सेटिंग आठवतात. ती काढली की बोर्ड कोरा. बावन्न गेलं, व्होल्टेज गेलं, मेमरीचं सेटिंग गेलं, माझी अडीच महिन्यांची मेहनत गेली, आणि प्रोसेसर परत बेचाळीसवर बसला, गोगलगायीसारखा. म्हणून साडेनऊ तास. तू रेसचा घोडा सोडवलास आणि घाण्याला जुंपलास आणि वर सांगतोस, घोडा धुतला.

पण एक कोडं तुझ्या कारखान्याला सुटणार नाही, म्हणून मीच सोडवते. वेग कमी झाला म्हणून उत्तर बदलत नाही. पाढे हळू म्हटले म्हणून बारा चोक बावन्न होत नाहीत. तेव्हा ३.२४ आलं याचा अर्थ एवढाच की साफसफाईच्या जोशात तू फाइलीतही काहीतरी खुडबूड केलीस. कबूल करणार नाहीस, माहितीये. तुमच्याकडे सह्या दोन-दोन असायच्या, चूक कोणाचीच नसायची.

इथे पण तुझा एक जुळा भाऊ भेटलाय. जुन्या पंपघराचा राखणदार. मी दिसले की भिंतीवर हात ठेवून सांगतो, "बाई, पाणी इथवर आलं होतं, या हुकापर्यंत." पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, काका, नदी मी कॉम्प्युटरवर वाहवून बघितलीय, तुमच्या हुकाला पाणी शिवत नाही. तेव्हापासून मला चहा विचारत नाही. एक म्हातारा भिंत चाचपतो, दुसरा बॅटरी.

आता माझं ऐक आणि एकदाच ऐक. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा. काळ्या पाटीवर आकड्यांच्या रांगा दिसतील. घाबरू नकोस. खाली लिहिलंय तसंच्या तसं भर:

पहिली ओळ, जिथे ऑटो लिहिलंय: ५२.
व्होल्टेज: १.१८. एक पॉइंट एक आठ. एक पॉइंट आठ नव्हे, नाहीतर तुझ्या पुढच्या खोलीतून धूर निघेल.
मेमरी: यादीतली सगळ्यात खालची ओळ.
सेव्ह करून बाहेर ये.

मग 'नदी' चालव. सात तासांत २.८६ येईल. आलं की मला मोठ्या अक्षरांत माफीचा मेल कर. मी तो छापून शेडमध्ये लावणार आहे.

— भिंगरी, क्रमांक एक्केचाळीस


१३ एप्रिल

भिंगरे,

गुडघ्याला हळद लाव, असं मामी म्हणते. बादली बदल, असं मी म्हणतो.

तू सांगितलंस तसंच्या तसं केलं. मी भिंग घेऊन पाटीसमोर, मामी तुझं पत्र घेऊन मागे. ती वाचायची, मी भरायचो, मग ती भिंगातून बघून परत वाचायची. व्होल्टेजच्या ओळीला तिने मला तीन वेळा थांबवलं, तुझ्या धुराची तिला भीती. चाळीस वर्षांत मला इतका खडूस इन्स्पेक्टर मिळाला नव्हता.

मशीन बावन्नवर बसलं. दिवे पण जास्त आनंदात आहेत असं वाटलं. मग 'नदी' चालवली. रोज सकाळी चहा झाला की सुरू. वहीत लिहिलंय ते उतरवतो:

दहा तारीख. बावन्नवर. सात तास पाच मिनिटं. २.९१.
अकरा. बावन्नवर. तीन तासांनी निळा पडदा, मशीन बंद. परत सुरू केलं. सात तास. २.७७.
बारा. बावन्नवर. सात तास दोन मिनिटं. ३.०२.
तेरा, म्हणजे आज. सगळं पुसून परत बेचाळीसवर. साडेनऊ तास. ३.२४.

तुझं २.८६ कुठेच आलं नाही, भिंगरे. जवळून गेलं, थांबलं नाही.

माफीचा मेल मोठ्या अक्षरांत लिहायला बसलो होतो. मग वाटलं, आधी तू एक सांग. एकच माणूस, त्याला एकच प्रश्न तीनदा विचारला आणि त्याने तीन उत्तरं दिली, तर तुमच्या मंडळात त्याला कितवा नंबर देतात?

पाढे हळू म्हटल्याने उत्तर बदलत नाही, हे तुझं बरोबर आहे. पण धापा टाकत म्हटले तर बदलतं. आमच्याकडे एक टर्नर होता, त्याला सगळे विमान म्हणायचे. लेथ सगळ्यात वरच्या वेगावर टाकायचा. आमचे दहा शाफ्ट व्हायचे तेव्हा त्याचे सतरा झालेले असायचे, आणि असे झळकायचे की त्यात बघून भांग पाडावा. मोजायचा पण लगेच, जागेवरच. माप बरोबर यायचं. का, तर लोखंड तापलेलं असताना फुगलेलं असतं. गार झालं की तोच शाफ्ट केसभर बारीक. पंपात बसवला की खुळखुळायचा. विमानला हे कधी पटलं नाही. तो म्हणायचा, माझं माप मी स्वतः घेतलंय.

तुझा प्रोसेसर पण तसाच दिसतोय. बंद पडला असता तर बरं होतं, कळलं तरी असतं. तो बंद पडत नाही. मध्येच कुठेतरी एखादी बेरीज चुकतो आणि काही न झाल्यासारखा पुढे पळतो. त्याला पोटभर वीज द्यायची नाही आणि वर पळवायचं, मग तो काय करेल?

तुझ्या अहवालाची एक प्रत इथे टेबलाच्या खणात आहे. अकराव्या पानावर लिहिलंयस, "सदर गणित दोनदा चालवून पडताळण्यात आले आहे." कुठली दोनदा, ते कळव.

— मामा


१४ एप्रिल

खण कशाला उघडतोस माझा? साफसफाई?

हे बघ, तीन कारणं सांगते, हवं ते घे. तुझ्या पुढच्या खोलीत दुपारी ऊन येतं. मी ती सेटिंग थंडीत बसवली होती. एप्रिलच्या भट्टीत कुठलाही प्रोसेसर रडेल. दुसरं, फॅन तू परत लावताना उलटा लावला असणार, म्हणजे तो गरम हवा आतच ढकलतोय. त्याला एक बाण असतो, तुला दिसला नसेल, तुझं भिंग मामीकडे असेल. तिसरं, पेस्ट. वाटाणा म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या घरच्या वाटाण्यावर असतं.

आणि मशीन मी तपासलेलं आहे, मामा. प्रोसेसरला मुद्दाम पिळून काढणारा एक प्रोग्रॅम असतो, तो दहा मिनिटं चालवला होता. दहाच्या दहा मिनिटं तग धरला. मंडळाच्या नियमात दहाच मिनिटं लागतात. जगभरचे लोक मूर्ख आणि तुझा तो विमानवाला कारखाना शहाणा? कारखाना बंद पडला ना रे शेवटी?

पान अकराचा आणि तुझा काही संबंध नाही. अहवाल कसे लिहितात ते तुला माहीत नाही.

सरांना, आईला, कोणालाही यातलं काही बोलायचं नाही. कळलं? इथे काँक्रीटची तयारी चाललीय, सळया बांधून झाल्यात, ठेकेदार मला "मॅडम, तुमची नदी काय म्हणते" असं रोज हसत विचारतो. मला तुझ्या वहीसाठी वेळ नाही.

फॅनचा फोटो पाठव.

— भिं.


१८ एप्रिल

भिंगरे,

फॅनचा फोटो पंधरालाच पाठवला. बाण दिसावा म्हणून शेजारी पेन्सिल धरलीय. बाण बाहेरच्या दिशेने आहे. तू बसवला होतास तेव्हा आतल्या दिशेने होता, तो मी सरळ केला, हे तुला दुखेल म्हणून आधी लिहिलं नव्हतं. तीन दिवस तुझं उत्तर नाही. बादलीवर कोणी दुसरं उभं असतं का?

कारखाना बंद पडला, खरं आहे. मापं चुकली म्हणून नाही पडला, पण ते राहू दे.

इथल्या मशीनमध्ये ऊन आहे, फॅन आहे, वाटाणा आहे. ठीक. म्हणून मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि खालच्या टायपिंग क्लासच्या बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक पिवळा पडलेला डबा आहे, त्याच्यावर पोरी पत्रलेखन शिकतात. दिवे नाहीत. वेग विचारला तर बाई म्हणाल्या, "चालू होतो, एवढं पुष्कळ." त्यांना मी आधीचा एकही आकडा सांगितला नाही. एकतीस तास लागले. दोन बॅचेस त्यांनी दुसऱ्या मशीनवर ढकलल्या आणि मला दर चार तासांनी ऐकवलं, "काका, तुमची नदी आटली का?" काल दुपारी त्यांनी शेवटची ओळ स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून, घडी घालून दिली. जिन्यात उघडली.

३.२४.

आता एक गोष्ट, जी तेरा तारखेच्या पत्रात मी अर्धीच सांगितली. आज मामी बाजारात गेलीय, म्हणून स्वतः एका बोटाने टाइप करतोय. विमानच्या त्या शाफ्टच्या लॉटवर दोन सह्या होत्या. पहिली त्याच्या दोस्ताची. दुसरी माझी. मी मोजलं नव्हतं. पहिलं पाकीट उघडून आकडा बघितला आणि तोच लिहिला. माल इतका चकाचक होता की मोजायचं काय, असं वाटलं. सहा महिन्यांनी एक शाफ्ट चालत्या पंपात मोडला. शेजारी जो फिटर उभा होता त्याची तीन बोटं गेली. चौकशीत लोखंड खराब होतं असं ठरलं. लोखंड चांगलं होतं.

तो फिटर नंतर भाजीच्या गाड्यावर बसायचा. मी त्या रस्त्याने जात नाही. मामीला वाटतं, मला तिथली भाजी आवडत नाही.

मी तुझ्या सरांना फोन करणार नाही. बहिरा माणूस फोनवर काय सांगणार. आणि ही सही माझी नाही, तुझी आहे. चोवीस तारखेला अजून सहा दिवस आहेत.

दिव्याची एक नळी मी साफसफाईत फोडली. जांभळी. तेही सांगून टाकतो.

— मामा


२० एप्रिल, सकाळी सात

हसायचं तेवढं हसून घे, मामा, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे, परत विचारलंस तर नाही म्हणेन.

एकदाच. २.८६ एकदाच आलं होतं. ते "दोनदा चालवून पडताळण्यात आले" वाक्य मी आधीच्या कुठल्यातरी अहवालातून उचललं होतं, आख्खं पान उचललं होतं, नदीचं नाव तेवढं बदललं. तुला वाटेल, आळस. आळस नव्हता, त्याहून भिकार प्रकार होता. ऑफिसात आमचा एक इस्त्रीवाला आहे, म्हणजे शर्टाला सुरकुती न पडू देणारा. सरांसमोर तो म्हणाला, ऑफिसच्या मशीनवर याला दोन दिवस लागतील. मी म्हटलं, माझ्याकडे आज संध्याकाळी मिळेल. आणि संध्याकाळी दिलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात काम." आता तू सांग, दुसऱ्यांदा चालवायचं म्हणजे चौदा तास. मग मी आणि इस्त्रीवाला यात फरक काय राहिला? बावन्नचा उपयोग काय राहिला?

बघ, किती हुशार आहे तुझी भाची. नदी सात तासांत वाहवली आणि चुकीची वाहवली.

पाच दिवस उत्तर दिलं नाही कारण मी तुझी चूक शोधत होते. फाइल उघडून ओळ न् ओळ बघितली. तू काही खुडबूड केलेली नाहीस. नदीची मापं तपासली, ती पण बरोबर. मग काल दुपारी, दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, मोजपट्टी आणि सर्व्हेची, उंची मोजायची दुर्बीण घेऊन पंपघराच्या भिंतीपाशी गेले. राखणदार खाटेवर बसून बघत होता. मी हुकाची उंची घेतली. मग तुझा आवाज कानात, म्हणून दुर्बीण हलवून, दुसऱ्या जागेवरून परत घेतली. दोन्ही वेळा ३.१९. मी म्हटलं, काका, नक्की हुकापर्यंतच का? तो म्हणाला, "हुक बुडाला होता, बाई. हुकावरचा माझा कंदील वाहून गेला, तेव्हा तर कळलं." आणि मग चहा विचारला. तो चहा पिताना मला जे वाटलं ते तुझ्या त्या आकड्यांच्या वहीत मावणार नाही.

जमीन ३.१०. पाणी ३.२४. चौदा सेंटिमीटर. मी हिशेब करत बसले होते, पाळणाघरातली गादी किती जाड असते. दहा? आठ? हे असले हिशेब मला सुचतात, आणि एकही मूल अजून तिथे आलेलं नाही.

आता ऐक, घाई आहे. चोवीस तारीख गेली खड्ड्यात. ठेकेदाराला मिक्सर लवकर मिळाला, काँक्रीट आजच पडणार आहे. रात्री कोणी मला सांगायची तसदी घेतली नाही, आत्ता तोंड धुताना कळलं. सरांना पाच मिनिटांपूर्वी मेल टाकलाय: माझा आकडा चुकला, मी पडताळलं नव्हतं, पान अकरा खोटं आहे, काम थांबवा. त्यांनी अजून उघडलेला नाही, ते आठनंतर उठतात. ठेकेदार मेल वाचत नाही. त्याच्यासमोर जाऊन उभंच राहावं लागेल, सळयांवर, आणि तो विचारेल, "मॅडम, तुमची नदी काय म्हणते," आणि या वेळी मी सांगणार. नोकरीचं काय होईल ते मला विचारू नकोस. मंडळाला पण कळवलंय, यादीतून नाव काढा म्हणून. त्यांचं उत्तर लगेच आलं. बेचाळिसावा माणूस खूश आहे.

तुझ्या फिटरबद्दल मी काही बोलणार नाही. म्हणजे, बोलणार आहे, पण समोर आल्यावर, मामी घरी असताना. भाजी कुठे मिळते ते तिला पण कळू दे.

आणि आता काम. 'नदी'च्या शेजारी 'झालेली' नावाचा फोल्डर आहे. त्यात आणखी सहा फाइली आहेत. सहा नद्या, सहा अहवाल, सगळे बावन्नवर, सगळे एकेकदाच चालवलेले, आणि सगळ्यांच्या अकराव्या पानावर तेच वाक्य आहे. दोन ठिकाणी लोक राहायलाही आलेत. आज सुरू कर. बेचाळीसवर, ऊन येत असेल तर पडदा ओढून. प्रत्येक फाइल दोनदा. दुसऱ्यांदा तू नाही, मामीला चालवू दे. तुझा आकडा तिला दाखवायचा नाही, पाकिटात घालून ठेव.

फॅनचा बाण मी उलटा लावलाच नव्हता. लावला असेल तर आठवत नाही.

उत्तर लिहू नकोस. मिक्सर सुरू झालाय, घरघर इथवर ऐकू येतेय. मी बादलीवरून उतरतेय.